ओठ

आमच्या गावात वरात निघाली की आम्हा पोरांचा एक ठरलेला उद्योग असायचा. चिंचेचा गोळा मीठ-तिखट लावून खिशात ठेवायचा, बँडवाल्यांच्या पुढ्यात उलट्या पावलांनी चालायचं आणि त्यांना दाखवून दाखवून तो चोखायचा. समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटतं, ओठ ढिला पडतो आणि ट्रंपेटमधून सुराच्या जागी फुर्र होतं, ही विद्या आम्हाला थोरल्या पोरांकडून मिळालेली. सातवीत असताना माझा प्रयोग साधला. ऐन चौकात नवरदेवाच्या मामांनी दहाची नोट ट्रंपेटच्या तोंडासमोर नाचवत धरली होती, बँडमास्तर वरच्या सुराकडे निघाले होते, आणि तो सूर टर्रकन फाटला. लोक हसले. मामांनी नोट परत खिशात घातली.

लग्नसराई नसली की मास्तर सायकलींचे पंक्चर काढायचे. दोन दिवसांनी दुकानावरून जाताना त्यांनी मला हाक मारली. आता कानफटात बसणार म्हणून मी गाल आवळूनच गेलो. त्यांनी हात पुसले, फळीवरच्या पिशवीतून ट्रंपेटचा माउथपीस काढला, शर्टाला घासला आणि माझ्या हातात दिला. "वाजव." मी गाल फुगवून फुंकलो. नुसती हवा. "फुंकायचं नसतं रे. जिभेच्या शेंड्यावर तीळ आहे समज. ओठ मिटलेलेच ठेव आणि तो तीळ थुंकून टाक." दहा-बारा तीळ थुंकल्यावर रेडकू ओरडल्यासारखा एक आवाज निघाला. ओठांना मुंग्या आल्या. "आता हेच चार तास कर," मास्तर म्हणाले, "उन्हात. चालत."

मग त्यांनी वरचा ओठ बोटानं वर करून दाखवला. बाहेर मधोमध माउथपीसच्या कडेची अर्धगोल खाच, आणि आत पांढरट, कडक घट्टा. चप्पल चावून टाचेला पडतो तसा. रोज रात्री ते त्याला साजूक तूप लावायचे. त्यानंतर मी वरातीत चिंच नेली नाही. मी सुधारलो वगैरे नाही, तो घट्टा बघून मला जरा शिसारी आली होती, एवढंच.

हे सगळं सांगायचं कारण अमेरिकेतला जॅझचा ट्रंपेटवाला आणि गायक लुई आर्मस्ट्राँग. पुण्यात कॉलेजला असताना फुटपाथवर त्याची एक जुनी कॅसेट मिळाली. कव्हरवर मोठ्ठं हसणारा, घामेजलेला माणूस, एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात पांढरा रुमाल. दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती मास्तरांना ऐकवली. १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' लागली. मास्तरांनी तीनदा मागे घ्यायला लावली. ऐकताना त्यांचे ओठ मिटून ताणले जात होते, जणू तेच वाजवताहेत. आता काहीतरी वा-वा करतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "ह्याचा ओठ किती वर्षं टिकला?"

मला माहीत नव्हतं. तेव्हापासून मी आर्मस्ट्राँगबद्दल जे काही वाचत, ऐकत आलो ते बहुधा या प्रश्नाच्या मागोमागच.

त्याचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा, न्यू ऑर्लीन्समधला. तो स्वतः मात्र जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिला, म्हणजे थेट अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. खरी तारीख तो गेल्यावर बऱ्याच वर्षांनी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडली. वस्ती अशी की तिला लोक 'बॅटलफील्ड' म्हणत. बाप जन्मल्याबरोबर सोडून गेलेला, आई मेअ‍ॅन मिळेल ते काम करणारी, पहिली काही वर्षं आजीकडे गेलेली. कार्नोफ्स्की नावाचं लिथुआनियातून आलेलं एक ज्यू कुटुंब होतं, त्यांच्या कोळशाच्या आणि भंगाराच्या गाडीवर हा पोरगा कामाला होता. गाडीवर बसून गिऱ्हाईक बोलावायला एक पत्र्याची पिपाणी वाजवायचा. जत्रेत मिळते तसलीच असावी. पुढे गहाणवटीच्या दुकानात दिसलेला कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचाच आखूड भाऊ, घ्यायला त्याच कुटुंबानं उचल दिली. आर्मस्ट्राँग गळ्यात शेवटपर्यंत ज्यूंचा सहा टोकांचा तारा घालायचा. आणि १९६९ मध्ये इस्पितळात पडल्या पडल्या त्यानं या कुटुंबाच्या आठवणी लिहून काढल्या, त्यांच्या घरच्या जेवणासकट.

१९१२ सालची शेवटची रात्र. फटाके, दंगा. अकरा वर्षांच्या लुईनं घरातलं पिस्तूल काढून हवेत बार टाकला आणि पोलिसांनी धरला. दुसऱ्या दिवशी रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात. तिथं बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक. त्यांनी आधी खंजिरी दिली, मग बिगुल, मग कॉर्नेट. लष्करी शिस्तीत, ठरल्या वेळी उठून, रांगेत उभं राहून शिकलेला ओठ. पण पद्धतशीर 'एम्बुशर' म्हणतात तसं, म्हणजे ओठांची ठेवण, त्याला कुणी नीट लावून दिलं नव्हतं. माउथपीस तो जोरानं ओठावर दाबायचा. याची किंमत पुढे आली.

त्याचा खरा गुरू म्हणजे 'जो' ऑलिव्हर नावाचा कॉर्नेटवाला. गावात 'किंग' ऑलिव्हर, आणि लुईचा 'पापा जो'. ऑलिव्हर शिकागोला गेला तेव्हा त्याची जागा लुईला मिळाली, मग मिसिसिपीवरच्या बोटींवर फेट मार्बलच्या बँडमध्ये वाजवत तो थोडंफार नोटेशन शिकला. ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरची तार आली: शिकागोला ये. आईनं शिदोरी म्हणून माशाचा सँडविच बांधून दिला, कारण वाटेत काळ्या माणसाला खायला कुठे मिळेल याची खात्री नाही.

शिकागोत तो ऑलिव्हरच्या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा मायक्रोफोन नाहीत, एकच मोठा भोंगा, सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहून वाजवायचं. बँडची पियानोवादक लिल हार्डिन पुढे सांगायची की लुईचा आवाज एवढा की ऑलिव्हर ऐकूच येईना, म्हणून लुईला सगळ्यांच्या मागे, खोलीच्या पार टोकाला उभं केलं. तो तिथं उदास तोंड करून उभा होता. लिलला मात्र त्या दिवशी कळलं. १९२४ मध्ये तिनं त्याच्याशी लग्न केलं आणि मग त्याच्यामागे लकडाच लावला, की गुरूच्या मागे उभं राहणं आता पुरे. मला या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तिचं वाटतं, आणि ती स्वतः उत्तम वादक असून तिचं नाव आपल्याला 'त्याची बायको' म्हणून माहीत होतं, हेही आलंच.

नोव्हेंबर १९२५ पासून पुढची तीन वर्षं त्यानं 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या नावांनी शिकागोत जी मुद्रणं केली ती ऐकली की काय बदललं ते कळतं. न्यू ऑर्लीन्सची रीत अशी की कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन सगळे एकदम बोलणार. चांगल्या भजनी मंडळात जसा एक सामुदायिक आनंद असतो तसा. आर्मस्ट्राँगनं त्यातून एक माणूस पुढे काढला. बाकीच्यांनी ठेका धरायचा, आणि याला जे म्हणायचं आहे ते याने एकट्यानं, मूळ चाल बाजूला ठेवून, पुरतं म्हणायचं. आज आपण जॅझ म्हटलं की 'सोलो' गृहीत धरतो. तो असा उभा राहिला.

आणि लय. आपल्याकडे गाणारा लयीशी खेळतो म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मात्रा मनात पक्की, म्हणून तर तिच्या जरा मागे रेंगाळता येतं आणि नेमकं वेळेवर पोचता येतं. आर्मस्ट्राँग खुर्चीवर रेलून बसावं तसा ठेक्यावर रेलतो. त्याच्याबरोबरचे चांगले चांगले वादक त्या मानानं इस्त्री केल्यासारखे वाटतात. तो गातानाही हेच करतो, अर्धी ओळ गिळतो, उरलेली उशिरा आणतो, आणि त्याच्यानंतरचे अमेरिकेतले गायक तसंच गाऊ लागले.

'वेस्ट एंड ब्लूज' मूळ ऑलिव्हरची रचना. गुरूची चाल शिष्यानं घेतली आणि २८ जून १९२८ ला तिच्या आधी स्वतःचं काहीतरी लावलं. ठेका नाही, साथ नाही, एकटा ट्रंपेट. आधी चार स्पष्ट, ठाशीव सूर, दारावर थाप मारावी तसे. मग एकदम वर उसळी, आणि तिथून वळणं घेत घेत उतरण. बारा-तेरा सेकंद. मास्तरांनी तीनदा मागे घ्यायला लावली ती हीच जागा. मला आधी हा आलाप वाटायचा. पण आलापाला घाई नसते. हा माणूस तर तुम्हाला कॉलर धरून आत ओढतो. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो आहे, तोही अप्रतिम. आणि शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग वरचा एक सूर जवळजवळ चार बार, म्हणजे सोळा मात्रा, धरून ठेवतो. काही करत नाही, नुसता धरतो. मास्तर तिथं डोळे मिटून म्हणाले, "मरतंय आता हे." वादकाच्या काळजीनं म्हणाले.

त्याआधी, १९२६ मध्ये, 'हीबी जीबीज' गाताना शब्दांचा कागद हातातून पडला आणि मुद्रण थांबू नये म्हणून तो अर्थहीन अक्षरं गात सुटला, ही गोष्ट तो स्वतः सांगायचा. कागद पडला की नाही देव जाणे. असं गाणं, 'स्कॅट', आधीही कुणीकुणी गायलं होतं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते याच्यामुळे. तराणा ऐकलेल्या माणसाला दीम-तनन मध्ये अर्थ शोधावा लागत नाही, त्यामुळे आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, १९५७ मध्ये 'इना मीना डिका' करून सगळा देश असल्या अक्षरांवर नाचवलाच.

सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात एक ट्रंपेटवाला होता, आल्दोनाचा अँतोनियो झेवियर व्हाझ. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून मुंबईला आलेल्या कितीतरी वादकांपैकी एक. मुंबईत तो चिक चॉकलेट झाला, ताजमध्ये बँड घेऊन वाजवू लागला, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. ट्रंपेट तसा, घोगरा गळा तसा, हातात रुमालही तसाच. भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'मध्ये तो पडद्यावरही दिसतो. म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या सुधारगृहातून निघालेली फुंकर शिकागो, मुंबई करत मराठी माणसाच्या चालीत शिरली, आणि तिथून आमच्या मास्तरांच्या वरातीत. 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' ते हमखास वाजवायचे. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. "चाली फिरतातच," म्हणाले.

रुमालाचं बघा. सगळे तो लकबीचा भाग समजतात. घाम पुसायला होताच, पण ओठ टिपायलाही होता. १९३० नंतर आर्मस्ट्राँगनं एक खुळ घेतलं होतं. वरचा 'सी', म्हणजे ट्रंपेटवाल्यांचा गौरीशंकर, तो एकामागून एक शंभर शंभर वेळा मारायचा, बँडनं मोठ्यानं मोजायचं, आणि शेवटी त्याच्याही वर चढून थांबायचं. लोक वेडे व्हायचे. मला स्वतःला हा सर्कशीतला प्रकार वाटतो, आणि 'वेस्ट एंड ब्लूज' वाजवणाऱ्या माणसाला त्याची काय गरज होती असं मनात येतं. पण मी कधी दहाच्या नोटेसमोर वाजवलेलं नाही. ओठ फाटायचा, रक्त यायचं, घट्टा फुटायचा. जर्मनीत बनणारं एक मलम तो डब्याडब्यांनी जवळ ठेवायचा. १९३४ च्या शेवटी अखेर ओठानं जबाब दिला आणि कित्येक महिने त्याला ट्रंपेट खाली ठेवावा लागला. ट्रंपेटवाल्यांच्या ओठाचा गोल स्नायू फाटण्याच्या दुखण्याला १९८२ मध्ये एका शल्यविशारदानं नाव दिलं ते 'सॅचमो सिंड्रोम'. सॅचमो हे आर्मस्ट्राँगचंच टोपणनाव. न्यू ऑर्लीन्समध्ये पोरं त्याला 'सॅचेलमाउथ', पिशवीतोंड्या, म्हणून चिडवायची. १९३२ मध्ये लंडनला एका संपादकानं ते 'सॅचमो' असं उच्चारलं आणि तेच राहिलं. तोंडावरून मिळालेलं नाव शेवटी तोंडाच्याच दुखण्याला गेलं.

ऑलिव्हरचं मात्र ओठाच्याही आधी दातांवर आलं. त्याला ब्रेडमध्ये साखर भरून खायची आवड होती. हिरड्या गेल्या, दात गेले, आणि दात गेले की माउथपीसला मागून आधार राहत नाही. बँड मोडला. १९३७ मध्ये आर्मस्ट्राँग दौऱ्यावर जॉर्जियातल्या सव्हॅना गावी गेला तर पापा जो भाजीच्या गाडीमागे उभा. लुईनं खिशात होते ते पैसे दिले, बरोबरच्या वादकांनीही दिले. त्या रात्री कार्यक्रमाला ऑलिव्हर नीटनेटके कपडे करून आला आणि कडेला उभं राहून ऐकत होता, असं आर्मस्ट्राँगनं सांगितलंय. पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. गुरू मागे उभा आणि शिष्य पुढे, हे चित्र रिचमंडच्या त्या खोलीच्या नेमकं उलट, आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ते हसू. बत्तीशी दाखवणारं, डोळे फिरवणारं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण काळ्या वादकांना ते सोसेना. डिझी गिलेस्पी या तरुण ट्रंपेटवाल्यानं त्याच्यावर मळ्यावरच्या गुलामाचं सोंग आणल्याची टीका केली. १९४९ मध्ये तो न्यू ऑर्लीन्सच्या मार्डी ग्रा उत्सवात काळ्या लोकांच्या मिरवणुकीचा 'झुलू राजा' झाला, रीतीप्रमाणे तोंडाला काळा-पांढरा रंग फासून, त्यानं तर आगीत तेलच ओतलं. मलाही ते हसू अवघडून टाकायचं. मास्तर नोट धरणाऱ्याकडे बघून असंच हसायचे, आणि मांडवात बँडवाल्यांची पंगत सगळ्यांच्या शेवटी, तीही बाहेर, बसायची. गाव त्यांच्या सुरावर नाचायचा आणि त्यांना पाण्याचा पेला वेगळा द्यायचा. ते हसत का होते याचा हिशेब मी लावायचो आणि तो काही जमायचा नाही.

सप्टेंबर १९५७. दक्षिणेतल्या आर्कन्सा राज्यात, लिटल रॉकमध्ये, नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरू द्यायचं नाही म्हणून राज्यपालानं सैनिक उभे केलेले, आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर गप्प. आर्मस्ट्राँग त्या वेळी नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्स या गावी कार्यक्रमाला गेला होता. गंमत म्हणजे लिटल रॉकच्या शाळेत मुलांना घ्या असा हुकूम देणारे न्यायाधीश डेव्हिस याच गावचे. लॅरी लुबेनाऊ नावाचा एकवीस वर्षांचा शिकाऊ बातमीदार हॉटेलच्या नोकराला पटवून, जेवणाच्या ट्रेबरोबर त्याच्या खोलीत घुसला. राजकारणाचं विचारू नको, असं वरिष्ठांनी बजावलेलं. त्यानं विचारलं. आणि आर्मस्ट्राँगचं तोंड सुटलं. माझ्या लोकांना दक्षिणेत जसं वागवतात ते बघता हे सरकार जहन्नममध्ये जाऊ दे, असं म्हणाला. राष्ट्राध्यक्ष दुतोंडी आहे, त्याच्यात हिंमत नाही, असंही. राज्यपालाला दिलेल्या शिव्या तर छापता येण्यासारख्या नव्हत्या, दोघांनी मिळून त्यांच्या जागी बरा शब्द शोधला. सरकारतर्फे रशियाच्या दौऱ्यावर जायचं होतं, तेही नाही जाणार म्हणाला.

वृत्तसंस्थेचा विश्वास बसेना. हसणारा सॅचमो असं बोलणं शक्यच नाही. लुबेनाऊ सकाळी परत गेला, आर्मस्ट्राँग दाढी करत होता. त्याला कागद दाखवला. त्यानं वाचला आणि खाली लिहिलं, 'सॉलिड', आणि सही केली. बातमी देशभर गेली. दक्षिणेतल्या एका रेडिओ केंद्रानं त्याच्या रेकॉर्ड फेकून दिल्या. बऱ्याच बड्या काळ्या मंडळींनीही त्याला साथ दिली नाही, उलट एवढी वर्षं कुठे होतास म्हणून टोचलं. ज्या न्यू ऑर्लीन्सनं त्याला राजा केलं तिथं १९५६ पासून काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र बँडला कायद्यानं बंदी होती, म्हणून तो १९६५ पर्यंत आपल्याच गावात वाजवायला गेला नव्हता. हे फार कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. २४ सप्टेंबरला आयझेनहॉवरनी अखेर सैन्य पाठवलं, तेव्हा त्यानं त्यांना शाबासकीची तार केली.

हे वाचल्यावर मी त्याचे जुने फोटो परत काढून बसलो. हसू तेच. पण वरच्या ओठावरची खाच मला पहिल्यांदा तेव्हा दिसली. हसताना ती ताणली जाते आणि पांढरी पडते.

शेवटची अठ्ठावीस वर्षं तो न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना नावाच्या साध्या मोहल्ल्यात राहिला. घर चौथी बायको ल्युसील हिनं घेतलेलं. संध्याकाळी पायरीवर बसून गल्लीतल्या पोरांना आइस्क्रीम द्यायचा. घरात टेपरेकॉर्डर सतत चालू, गप्पा, भांडणं, जेवण, रियाज, सगळं धरून ठेवलेलं, शेकडो रिळं, आणि प्रत्येक खोक्यावर स्वतः कातरून चिकटवलेली चित्रं. ते घर २००३ पासून संग्रहालय आहे. मे १९६४ मध्ये 'हॅलो डॉली'नं बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं तेव्हा तो बासष्टचा. १९६७ चं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' मात्र अमेरिकेत आधी पडलंच. आज लोकांना त्याचं तेवढंच एक माहीत असतं, आणि त्यात तर ट्रंपेट नाही. मास्तरांनी ते ऐकून कॅसेट पुढे न्यायला सांगितली होती.

हृदय आणि मूत्रपिंडं थकली तेव्हा डॉक्टरांनी ट्रंपेट बंद केला. मार्च १९७१ मध्ये वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलमधला दोन आठवड्यांचा कार्यक्रम तोंडावर आला. डॉक्टर म्हणाले, वाजवताना स्टेजवर मराल. तो म्हणाला, चालेल. दोन आठवडे वाजवून तो सरळ इस्पितळात गेला. मे महिन्यात घरी आला. पाय सुजलेले, चालवत नाही. ५ जुलैला त्यानं डॉक्टरला सांगितलं, बँडवाल्यांना बोलवा, तालीम करायची आहे. ६ जुलैच्या पहाटे झोपेतच गेला.

मास्तरांना हे सांगायचं राहून गेलं. त्यांच्या प्रश्नाचा हिशेब मी केलाय: १९१३ मध्ये सुधारगृहात ओठाला लागलेला माउथपीस १९७१ च्या मार्चपर्यंत, मधले काही खंड सोडून. मास्तरांचा ओठ तेवीस वर्षं टिकला. मग बँडमध्ये त्यांनी झांजा घेतल्या. तूप मात्र रात्री लावतच राहिले.